तलावाचे पाणी हिरवे झाले तर? नील-हरित शेवाळाची विषबाधा: लक्षणे, उपचार आणि काळजी

"आम्ही पाणी उकळूनच पितो, डॉक्टर." उलट्या-जुलाबाचा रुग्ण घेऊन आलेल्या नातेवाइकांनी असे सांगितले की आम्हा डॉक्टरांना बरे वाटते. पाणी उकळले की कॉलरा, विषमज्वर, साथीची कावीळ यांचे जंतू मरतात, आणि उकळून पाणी पिण्याची सवय कोणीही सोडू नये. पण एका प्रकारचे पाणी कितीही उकळले तरी पिण्याजोगे होत नाही. ते म्हणजे नील-हरित शेवाळाने हिरवे झालेले पाणी. त्यात धोका जंतूंचा नसतो, विषाचा असतो, आणि हे विष उकळून नष्ट होत नाही.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गावोगावी मामा तलाव आहेत, शेतात बोड्या आहेत, वैनगंगा आहे आणि गोसीखुर्दचा विस्तीर्ण जलाशय आहे. मासेमारी, शिंगाडे, गुरांचे पाणी, धुणी आणि मुलांचे डुंबणे हे सगळे याच पाण्यावर चालते. म्हणून ही माहिती जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला असायला हवी.

थोडक्यात महत्त्वाचे

- पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला, तर ते पाणी पिऊ नका, त्यात उतरू नका आणि गुरांनाही पाजू नका.
- असे पाणी उकळून, गाळून किंवा तुरटी फिरवून सुरक्षित होत नाही. पाणी दुसरीकडून आणा.
- या विषावर उतारा नाही. पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.
- रुग्ण कोणत्या पाण्याच्या संपर्कात आला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. निदानाची पहिली खूण तीच असते.

हा हिरवा थर म्हणजे नेमके काय?

आपण सरसकट ज्याला शेवाळ म्हणतो त्यात अनेक प्रकार येतात. घाटाच्या पायऱ्यांवर चिकटलेले बुळबुळीत शेवाळ किंवा पाण्यात केसांसारखे तरंगणारे हिरवे धागे सहसा विषारी नसतात. नील-हरित शेवाळ वेगळे. ते खरे तर सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म जिवाणू आहेत. थोड्या प्रमाणात ते जवळपास प्रत्येक तलावात असतात आणि त्यांचा काही त्रास होत नाही. पाणी कोमट, संथ आणि खतावलेले झाले की मात्र त्यांची संख्या अफाट वाढते. मग ते पृष्ठभागावर येतात आणि पाण्यावर हिरवी साय धरते.

यांतल्या काही जाती विष तयार करतात. गोड्या पाण्यात सर्वांत जास्त आढळणारे विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर हल्ला करते. सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे दुसरे विष यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा करते. अ‍ॅनाटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन ही विषे मज्जासंस्थेवर काम करतात. मध्य भारतातल्या तलावांवर आलेल्या अशा थरांत मायक्रोसिस्टिन सापडल्याची नोंद संशोधकांनी केलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशातला नाही.

थर दिसला म्हणजे विष असतेच, असे नाही. पण नुसते पाहून विषारी आणि बिनविषारी थर ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक थर विषारी आहे असे धरूनच वागायचे.

आपल्या जिल्ह्यात याकडे लक्ष का द्यायचे?

या शेवाळाला तीन गोष्टी लागतात: ऊब, संथ पाणी, आणि नत्र व स्फुरद. आपल्याकडे तिन्ही मिळतात.

मामा तलाव आणि बोड्या उथळ असतात. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून युरिया आणि डीएपीचा अंश, शेणखत आणि गावातले सांडपाणी वाहून तलावात येते. पाऊस थांबला, ऊन तापू लागले आणि पाणी संथ झाले की शेवाळाला हवे तसे वातावरण तयार होते. उन्हाळ्यात तलाव आटत जातो, पाणी कमी आणि खत तेवढेच राहते, तेव्हा थर अधिक दाट होतो.

नदीचीही तीच गोष्ट. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. पुढे पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणापाशी हे पाणी थांबते. वाहत्या नदीत शेवाळाला बूड धरायला वेळ मिळत नाही, अडवलेल्या पाण्यात मिळतो.

वाऱ्याचाही यात भाग असतो. तलावाच्या मध्यभागी विरळ असलेला थर वारा एका काठाला ढकलतो आणि तिथे तो साईसारखा जाड होतो. आपण कपडे धुतो, गुरे पाणी पितात आणि मुले उड्या मारतात ती जागा काठच असते. एकाच तलावाची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी धोक्याची असू शकते, आणि सकाळचे चित्र दुपारी बदलू शकते.

कसे ओळखावे?

- पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखे हिरवे दिसते, किंवा वर हिरवा, निळसर, कधी तपकिरी रंग सांडल्यासारखा वाटतो.
- काठाला साय किंवा फेस जमतो. वाळल्यावर निळसर पापुद्रा राहतो.
- कुजकट किंवा मातकट वास येतो.
- मासे मरून तरंगतात किंवा काठावर गुरे, कुत्री, पक्षी मेलेले आढळतात.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. लांब काठी थरात बुडवून बाहेर काढा. काठीला लांब हिरवे धागे लटकले तर ते बहुधा साधे शेवाळ. काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखली तर नील-हरित शेवाळाची शंका घ्या. हाताने थर उचलून पाहू नका.

जलपर्णी, म्हणजे आपल्याकडे जिला लोक इकॉर्निया म्हणतात ती, मोठी पाने आणि जांभळी फुले असलेली वनस्पती आहे. ती हे विष तयार करत नाही. पण जलपर्णी माजली आहे म्हणजे पाण्यात खत भरपूर आहे, एवढे नक्की.

हिरवा रंग गेला म्हणजे धोका लगेच संपला असे समजू नका. शेवाळ मरते तेव्हा त्याच्या पेशी फुटतात आणि आतले विष पाण्यात मिसळते. थर नाहीसा झाल्यावरही ते काही दिवस ते काही आठवडे पाण्यात राहू शकते.

विष शरीरात काय करते?

मायक्रोसिस्टिन तोंडावाटे आतड्यात आणि तिथून रक्तात जाते. यकृताच्या पेशींना पित्तरस आत-बाहेर नेण्यासाठी खास वाहक असतात. हे विष त्यांच्यावर स्वार होऊन थेट यकृतात शिरते. आत गेल्यावर ते पेशींचा आकार सांभाळणाऱ्या यंत्रणेला लागणारी महत्त्वाची प्रथिने बंद पाडते. पेशी आक्रसतात, एकमेकींपासून सुटतात. विषाचे प्रमाण मोठे असेल तर यकृताच्या आत रक्तस्राव होतो.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली मर्यादा पाहिली की हे विष किती तीव्र आहे ते कळते. दीर्घकाळ प्यायच्या पाण्यात एका लिटरमध्ये १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा जास्त मायक्रोसिस्टिन नसावे. थोड्या दिवसांपुरती ही मर्यादा १२ मायक्रोग्रॅम आणि पोहण्याच्या पाण्यासाठी २४ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शेवाळ आणि विष तयार करणारे जीव पाण्यात नसावेत असे म्हटले आहे.

लक्षणे कोणती आणि केव्हा दिसतात?

*पाणी अंगाला लागले तर:* काही मिनिटांपासून एक-दोन दिवसांत खाज, लाल पुरळ, कधी फोड येतात. ओले कपडे अंगाला घट्ट चिकटलेले असतात तिथे त्रास जास्त होतो. डोळे लाल होणे, शिंका, घसा दुखणे ही लक्षणेही दिसतात. बहुधा दोन-तीन दिवसांत हे कमी होते.

*पाणी पोटात गेले तर:* काही तासांपासून एक-दोन दिवसांत मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब, ताप आणि डोकेदुखी सुरू होते. तोंडात फोडही येऊ शकतात.

*यकृताला इजा झाली तर:* भूक मरते, उजव्या बरगडीखाली दुखते, लघवी गडद पिवळी होते, डोळे पिवळे होतात. ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, म्हणजे जुलाब थांबून घरचे निर्धास्त झाल्यावर. प्रकृती गंभीर असेल तर हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, रुग्ण असंबद्ध बोलतो किंवा गुंगीत जातो.

*मज्जासंस्थेवर परिणाम झाला तर:* ओठ आणि जीभ बधिर होणे, मुंग्या येणे, हातापायांतली ताकद जाणे, झटके येणे, श्वास अडणे. हे काही मिनिटांत किंवा तासांत घडू शकते आणि ही तातडीची अवस्था आहे.

*पाणी श्वासनलिकेत गेले तर:* खोकला, धाप आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

हा क्रम कसा उलगडतो हे अर्जेंटिनातल्या एका घटनेवरून समजते. २००७ च्या जानेवारीत १९ वर्षांचा एक तरुण दाट थर असलेल्या जलाशयात पडला. काही तासांत त्याला मळमळ, पोटदुखी आणि ताप आला. तीन दिवसांनी धाप लागून तो अतिदक्षता विभागात दाखल झाला. न्यूमोनिया होता. यकृताला इजा झाल्याचे त्यानंतर, सुमारे आठवडाभराने दिसून आले. उपचारांनी तो पूर्ण बरा झाला. म्हणून पहिल्या दिवशीचा रक्ततपास चांगला आला तरी डॉक्टरांनी काही दिवसांनी पुन्हा बोलावले, तर जरूर जा.

घरी ताबडतोब काय करावे?

१. रुग्णाला पाण्यातून बाहेर काढा. ओले कपडे बदला. हातपंपाच्या किंवा नळाच्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने अंग धुवा. केस विसरू नका.

२. डोळ्यांत पाणी गेले असेल तर स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे डोळे धुवा.

३. तोंड खळखळून धुवा. रुग्ण शुद्धीवर असेल तर घोटघोट स्वच्छ पाणी किंवा ओआरएस द्या. ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते, आणि ते पाणी सुरक्षितच हवे. शंका असलेले पाणी उकळून त्यात ओआरएस करू नका.

४. मुलांचे हात आणि नखे धुवा. पाण्यात भिजलेले कपडे वेगळे धुवा.

हे करू नका

- मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. उलटी श्वासनलिकेत गेली तर दुसरे संकट उभे राहते.
- ताप आणि पोटदुखीसाठी मनाने गोळ्या देऊ नका. जास्त पॅरासिटामॉल किंवा निमेसुलाइड यकृताला, तर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाला त्रास देतात.
- डोळे पिवळे दिसले म्हणून कावीळ उतरवायला किंवा झाडपाल्याचे औषध घ्यायला नेऊ नका. आधीच दुखावलेल्या यकृतावर आणखी भार पडतो आणि वेळही जातो.
- दारू पूर्ण बंद ठेवा.

दवाखान्यात केव्हा जायचे?

नुसती खाज किंवा पुरळ असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले तरी चालते. पण पुढीलपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका, १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा:

- उलट्या थांबत नाहीत, पाणीही पोटात टिकत नाही, लघवी कमी झाली आहे
- जुलाबात किंवा उलटीत रक्त आहे
- डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली आहे
- तोंडाला मुंग्या, अंगात कमजोरी, झटके, गुंगी
- धाप लागते आहे
- रुग्ण लहान मूल, गर्भवती, वयस्कर किंवा यकृत-मूत्रपिंडाचा रुग्ण आहे

धाप, झटके किंवा बेशुद्धी असलेल्या रुग्णाला ऑक्सिजन आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यायला हवे. तुमसर आणि साकोलीची उपजिल्हा रुग्णालये किंवा भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय येथे प्राथमिक उपचार देऊन गरज भासल्यास नागपूरला पाठवले जाते. विषबाधेबाबत सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

डॉक्टरांना काय सांगायचे?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. या विषासाठी रुग्णाच्या रक्ताची तपासणी नेहमीच्या प्रयोगशाळांत होत नाही. आणि लक्षणे पाहिली तर उलट्या-जुलाब, ताप, कावीळ ही आपल्याकडे इतर अनेक आजारांतही दिसतात. दूषित पाण्याची कावीळ, लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस असे सगळे आजार डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असतात. शेवाळाचा विचार त्यांच्या मनात यावा, एवढी माहिती फक्त तुम्हीच देऊ शकता. म्हणून न विचारताही पुढच्या गोष्टी सांगा:

- रुग्ण गेल्या आठवड्यात कोणत्या तलावात, बोडीत किंवा नदीत उतरला होता? पाणी प्यायला का, नाकातोंडात गेले का?
- पाण्याचा रंग कसा होता? मोबाइलवर फोटो असेल तर दाखवा.
- पहिले लक्षण किती वाजता, किती तासांनी सुरू झाले?
- त्याच पाण्यावरचे आणखी कोणी आजारी आहे का? गुरे किंवा मासे मेले का?
- तलावात कोणी मोरचूद, ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकले होते का?
- घरी काय औषध दिले? पाकीट सोबत आणा.

शेवटच्या दोन प्रश्नांना आणखी एक महत्त्व आहे. शेतावर फवारणीच्या औषधाची विषबाधाही उलट्या, कमजोरी आणि धाप अशीच दिसू शकते. तिचा उपचार वेगळा असतो आणि काही औषधांवर उतारा उपलब्ध असतो. खरी माहिती लपवली तर नुकसान रुग्णाचेच होते.

रुग्णालयात कोणते उपचार होतात?

विषावर थेट उतारा नाही, म्हणून "मग दाखल कशाला करता?" असे नातेवाईक विचारतात. उत्तर असे, की शरीर स्वतः विषाचा निचरा करत असते. तोपर्यंत यकृत, मूत्रपिंड आणि श्वास सांभाळून धरणे हाच उपचार आहे.

सलाइनने पाणी आणि क्षार भरून काढतात. उलट्या थांबवण्याचे इंजेक्शन देतात. रुग्ण तासाभरात पोहोचला असेल तर डॉक्टर औषधी कोळशाचा विचार करू शकतात. चुलीतला कोळसा घरी देण्याचा हा प्रकार नव्हे.

रक्तात एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, साखर, क्षार आणि रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारी पीटी-आयएनआर तपासणी करतात. यकृत किती सावरले आहे हे या शेवटच्या तपासणीतून चांगले कळते. धाप असेल तर छातीचा एक्स-रे काढतात. सोबत कावीळ, मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस यांच्याही तपासण्या होतात, कारण उपचार करता येण्याजोगा आजार नजरेतून सुटता कामा नये.

रक्त गोठत नसेल तर व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा दिला जातो. श्वासाचे स्नायू दुबळे झाले तर व्हेंटिलेटरची मदत लागते. विषाचा असर उतरला की ताकद परत येते. प्रतिजैविके या विषावर चालत नाहीत. न्यूमोनिया किंवा दुसरा संसर्ग असेल तरच ती दिली जातात. रुग्ण घरी गेल्यावर आठवडाभराने यकृताची तपासणी पुन्हा करून घ्यावी.

उकळणे, तुरटी, ब्लिचिंग, फिल्टर: यातले काय चालते?

*उकळणे:* मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. उलट उकळताना पेशी फुटून विष पाण्यात उतरते आणि वाफ गेल्याने पाण्यातले त्याचे प्रमाण वाढते.

*फडके, कँडल फिल्टर, तुरटी:* काही पेशी अडतात किंवा तळाशी बसतात, पण विरघळलेले विष तसेच राहते.

*ब्लिचिंग पावडर:* जलशुद्धीकरण केंद्रात आधी पेशी गाळून काढतात, मग योग्य मात्रेत क्लोरीन देतात. तेव्हा तो मायक्रोसिस्टिनचे विघटन करतो. पण हिरव्या पाण्याच्या हंड्यात पावडर टाकली तर पेशी फुटतात आणि विष मोकळे होते.

*घरचे आरओ यंत्र:* कार्बन आणि आरओ पडद्याने विष कमी होऊ शकते. पण पडदा जुना असेल तर भरवसा नाही. दाट हिरव्या पाण्यासाठी यंत्रावर विसंबू नका.

सरळ उपाय एकच: पाण्याचा स्रोत बदला. तलावापासून दूर असलेला खोल हातपंप, बोअरवेल किंवा टँकरचे शुद्ध केलेले पाणी वापरा. ते पाणी जंतूंसाठी नेहमीप्रमाणे उकळा. बाळाच्या दुधात, भात-वरणात आणि दात घासायलाही हेच पाणी घ्या.

तलावात मोरचूद टाकण्याआधी हे वाचा

शेवाळ दिसले की तलावात मोरचूद किंवा ब्लिचिंग पावडर टाकायची कल्पना गावात हमखास निघते. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंड बेटावर नेमके हेच झाले. धरणाच्या पाण्यावर शेवाळ आले आणि चव-वासाच्या तक्रारी झाल्या, म्हणून पाण्यात मोरचूद टाकले गेले. शेवाळ मेले. काही दिवसांतच उलट्या, सुजलेले यकृत आणि नंतर रक्ताचे जुलाब असलेली मुले रुग्णालयात येऊ लागली. एकूण १४८ जण आजारी पडले, त्यांतली १३८ मुले होती. सुरुवातीला ही कावीळच समजली गेली. मेलेल्या शेवाळातून विष मोकळे झाले होते, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही.

म्हणून पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्यात परस्पर काहीही टाकू नका. ग्रामपंचायतीला, गावच्या जलसुरक्षकाला आणि आरोग्य केंद्राला कळवा. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार आणि क्लोरीन पाहिले जाते, शेवाळाचे विष नाही. त्यामुळे नमुना पाठवताना "हिरवा थर आहे, शेवाळाच्या विषाची शंका आहे" असे स्पष्ट लिहून द्या.

कोणी जास्त जपायचे?

*लहान मुले:* वजन कमी, त्यामुळे तेवढ्याच घोटाचा परिणाम मोठा. शिवाय मुले पाण्यात जास्त वेळ राहतात आणि खेळताना पाणी गिळतात.

*डायलिसिसचे रुग्ण:* डायलिसिसच्या प्रत्येक वेळी शंभराहून अधिक लिटर पाणी एका पातळ पडद्याआडून रक्ताच्या संपर्कात येते. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला टँकरने पुरवलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन होते. १३१ पैकी ११६ रुग्णांना दिसण्यात अडथळा, मळमळ, उलट्या सुरू झाल्या. शंभर जणांचे यकृत निकामी झाले आणि ५२ मृत्यू या विषाशी जोडले गेले. आपल्या केंद्रात पाणी कुठून येते आणि ते कसे शुद्ध होते, हे विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे.

*यकृताचे रुग्ण आणि नियमित दारू पिणारे:* यांचे यकृत आधीच थकलेले असते.

*ढिवर बांधव आणि शिंगाडे काढणारे:* कंबरभर पाण्यात तासन्‌तास काम असते. थर असलेली बाजू टाळा, अंगावर जखम असेल तर उतरू नका, काम संपताच स्वच्छ पाण्याने अंघोळ करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिरव्या तलावातले मासे खावेत का?
दाट थर असेपर्यंत टाळलेले बरे. विष माशाच्या यकृतात आणि आतड्यात सर्वांत जास्त साठते आणि शिजवून जात नाही. थर ओसरल्यावर मासे घेतले तरी पोटातला सगळा भाग काढून टाका आणि मांस स्वच्छ पाण्याने धुवा. मरून तरंगणारे मासे कधीही खाऊ किंवा विकू नका. शिंगाडेही स्वच्छ पाण्याने नीट धुवा, दाताने सोलू नका.

गुरांनी हे पाणी प्यायले तर?
१८७८ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉर्ज फ्रान्सिस यांनी या विषाची पहिली शास्त्रीय नोंद केली, ती तलावाचे पाणी पिऊन दगावलेल्या जनावरांचीच होती. गुरे काठावरचे पाणी पितात, त्यामुळे त्यांना आधी बाधा होते. गुरे अचानक मेली तर पशुवैद्यकाला बोलवा आणि त्याच दिवशी माणसांनीही ते पाणी बंद करा. पोळ्याला बैल धुताना काठाची बाजू पाहून उतरा.

धानाच्या शेतीत नील-हरित शेवाळ खत म्हणून वापरतात. तेही विषारी का?
कुळ एकच, जाती वेगळ्या. धानासाठी निवडलेल्या जाती हवेतला नत्र जमिनीत आणतात म्हणून उपयोगी ठरतात. अधिकृत ठिकाणचेच जैविक खत घ्या, हाताळल्यावर हात धुवा आणि तलावातला थर उचलून खत म्हणून बांधीत टाकू नका.

स्पिरुलिनाच्या गोळ्या घेतो. त्या बंद करू?
स्पिरुलिना याच कुळातली आहे. ती स्वतः मायक्रोसिस्टिन तयार करत नाही, पण उत्पादनात दुसऱ्या जाती मिसळू शकतात. तपासणी झालेले उत्पादनच घ्या, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारा.

कोकणात किंवा गोव्यात शिंपले खाताना हा धोका असतो का?
समुद्रातले शेवाळ वेगळे, पण तेही विष तयार करते आणि ते शिंपल्यांत साठते. १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजम येथे असे शिंपले खाऊन सात जणांचा मृत्यू झाला. शिंपले खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या तर लगेच रुग्णालय गाठा.

बरीच वर्षे थोडे थोडे विष पोटात गेले तर?
मायक्रोसिस्टिन-एलआर हे विष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने "संभाव्य कर्करोगकारक" गटात ठेवले आहे. एकदा तलावात पोहल्याने कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. रोजच्या पिण्याच्या पाण्याबाबत मात्र गावाने दक्ष राहायला हवे.

शेवटी

तलाव आपले आहेत आणि त्यांची भीती बाळगून जगायचे नाही. सांडपाणी तलावात सोडले नाही, खत मोजून टाकले, गाळ वेळच्या वेळी काढला, तर या शेवाळाला वाढायला जागाच उरत नाही. तोवर प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवावे: पाण्याला हिरवी साय दिसली की चूल पेटवून पाणी उकळत बसू नका, कळशी घेऊन हातपंपाकडे जा. आणि कोणी आजारी पडलेच, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात तलावाबद्दल सांगा.

*ही माहिती आरोग्य शिक्षणासाठी आहे. ती डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही.*